शत्रूचा वाफा

भाला ना, सांगतो — भाल्याचंच सांगतो, पण आधी बसा तरी महाराज, देवळात एक भाला कमी भरला म्हणून काही आभाळ कोसळत नाही. असे कुंपणाबाहेर नका उभे राहू, आत या, त्या पालथ्या टोपलीवर बसा — हां, आणि एक ध्यानात ठेवा, तुम्ही आत्ता परमुलखात येताय. हसता काय? खरंच सांगतो. तुमचा डावा पाय अजून रोममध्ये आहे आणि उजवा शत्रूच्या देशात. घ्या, तोही आत घ्या. डुक्कर काही करत नाही, हुंगतं फक्त, तुमच्या कपड्यांना देवळातल्या धुपाचा वास येतोय ना, म्हणून. अंजीर खा. वाळलेली आहेत पण गोड आहेत. शत्रूच्या घरचं खायचं नाही असा काही नियम नाही तुमच्यात, मी तुमच्या चुलत्यांना विचारून घेतलंय. नुमेरियस महाराजांचे पुतणे ना तुम्ही? नाक तेच. ते कसे आहेत? डोळे? — हो, डोळे तर गेलेच होते त्यांचे, आता गावाकडे बसून मेंढ्यांना हाका मारतात म्हणे, म्हणजे लोक म्हणतात की शेळ्या असतात, पण ते मेंढ्याच म्हणतात. भला माणूस. फार भला माणूस.

भाल्याकडेच येतोय. पण तुम्ही त्यांच्या जागी पुरोहित म्हणून परवा आलात, तुम्हाला या वाफ्याची कुळकथा कुणी धड सांगितली नसणार, आणि ती कळल्याशिवाय भाल्याचं काही कळायचं नाही. तुमच्या लोकांचा नियम आहे — चांगला नियम आहे, मी नावं ठेवत नाही — की लढाई उगाच उठून सुरू करायची नाही. आधी जाऊन सांगायचं, बाबांनो, तुम्ही आमची गुरं नेलीत, परत करा. मग महिनाभर वाट बघायची. नाहीच दिली, तर त्यांच्या सीमेवर जायचं आणि पलीकडे, त्यांच्या मातीत, भाला फेकायचा. भाला रुतला की युद्ध धर्माचं. नाही तर ते युद्धच नव्हे, नुसता दरोडा. आमच्या एपिरसमध्ये असलं काही नव्हतं हो, आमचा राजा सकाळी उठून म्हणायचा चला, की आम्ही भाकरी बांधून चाललो. तर तुमचा हा नियम शेजारच्या गावांशी भांडण होतं तोवर ठीक होता — पुरोहित सकाळी जायचा, भाला फेकून दुपारी जेवायला घरी. मग आमचा राजा आला समुद्र ओलांडून, हत्ती घेऊन. झाली ना पंचाईत. आमची सीमा कुठे, तर समुद्रापलीकडे. पुरोहितबुवांनी भाला घेऊन नावेत बसायचं, ओकत ओकत तिकडे पोचायचं, भाला फेकून ओकत ओकत परत यायचं, तोवर इकडे लढाई संपून माणसं कापणीला लागलेली असायची. भाल्याशिवाय तर लढता येत नाही. मग? मग कुणीतरी डोकं लढवलं — आपण शत्रूच्या जमिनीकडे जाऊ शकत नाही ना, मग शत्रूलाच इथे जमीन घ्यायला लावू.

तो शत्रू मी. मला कसं पकडलं ते विचारू नका — बरं, अंजिराच्या झाडावर पकडलं. आमचाच हत्ती पिसाळून आमच्याच अंगावर आला, मी दिसेल त्या झाडावर चढलो, झाडाला पिकलेली अंजिरं, आणि मी सकाळपासून उपाशी. लढाई कधी संपली मला कळलंच नाही. खाली बघतो तर रोमचे शिपाई उभे, वर बघून हसतायत. मग कैद्यांच्या कोंडवाड्यात पडलो होतो तर एक दिवस तुमचे पुरोहित आले, सगळ्यांकडे गाय घ्यायला आल्यासारखं निरखून बघितलं आणि मला उठवलं. का मला? मी हसत होतो म्हणे. पण गंमत पुढेच आहे. गुलामाला जमीन घेता येत नाही, हो ना? तुमचाच कायदा. म्हणजे आधी बेड्या तोडायला हव्यात. तोडल्या. मग पैसे त्यांचे, तराजू त्यांचा, साक्षीदार त्यांचे, फक्त खरेदी पक्की करायला तांब्याचा तुकडा तराजूवर वाजवायचा, तो हात माझा. टण् करून वाजवला आणि बेलोनादेवीच्या देवळासमोरचा हा एवढा वाफा — चार खाटा टाकल्या तर पाचवी मावायची नाही — झाला एपिरसच्या क्रीसोनचा. झाला शत्रूचा मुलूख. मी अजून तांब्याकडे बघतोय तोवर सगळे कुंपणाबाहेर गेले, डोक्यावरून कपडा घेतला, काहीतरी सुंदरसं म्हणाले, आणि सूंऽऽ करून भाला आला की हो. माझ्या पायाशी. मला म्हणाले, बाजूला हो म्हणायचं राहिलं.

आणि मग विसरले मला. म्हणजे मुद्दाम नाही, कायद्यानंच विसरले. विकता येईना, कारण मी जमिनीचा मालक. घरी धाडता येईना, कारण मी गेलो तर जमीन बेवारस. रोमचा करता येईना, कारण मग जमीन रोमची, आणि पुढच्या खेपेला भाला कुठे टाकायचा? राजा गेला आमचा परत, मेला सुद्धा, तह झाले, सगळे कैदी सुटले — मी एकटा शत्रू राहिलो. सगळा मोहल्ला मला शत्रूच म्हणतो. शत्रू, दोन कांदे दे. शत्रू, जरा हा माठ उचलू लाग. वाईट नाही वाटत. पण बघा ना, लांबच्या कुणाशीही भांडण काढलं की तुम्ही माझ्याकडेच येता, आणि सगळे सोपस्कार माझ्याशीच. सीमेवर जो पहिला भेटेल त्याला तक्रार सांगायची — भेटतो मीच. मग वेशीत जो भेटेल त्याला — ही फळी म्हणजे वेस, वेशीत मीच. मग भर बाजारात सांगायची — बाजार म्हणजे हा कोबी, आणि कोबीत मीच वाकलेला. तुमचे थोरले महाराज गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, आमची गुरं नेलीत ती परत देता का? मी म्हणायचो, महाराज, माझ्याकडे एक डुक्कर आहे, तेही माझंच आहे. ते म्हणायचे, तुमच्या वडीलधाऱ्यांशी विचार करून सांगा. मी त्या अंजिराखाली जाऊन बसायचो, घटकाभर विचार केल्यासारखं करायचो, कारण त्यांना बरं वाटायचं.

तर उद्या परत भाला आहे, समुद्रापलीकडच्या कुणावर तरी, माहीत आहे मला, माती भुसभुशीत करून ठेवलीय, बघा, बोट घालून बघा. माझं काम मी चोख करतो. पण महाराज, त्याआधी माझं एक काम आहे. आज तुम्ही आलात ते देवानंच धाडलं म्हणायचं. माझ्याशी तह करा.

थट्टा नाही. अहो, तुम्हीच लोक ना तह करणारे? गडावरचं ते पवित्र गवत मुळासकट उपटून आणता, देवळातली गारगोटी आणता, डुकराच्या डोक्यात घालता आणि म्हणता, जो पहिल्यांदा वचन मोडेल त्याला देवानं असंच हाणावं. गवत तुमचं, गारगोटी तुमची, डुक्कर मी पाळलंय. कशासाठी पाळलं वाटलं? चांगलं पोसलंय, गेल्या सुगीपासून स्वतः उपाशी राहिलो पण त्याला नाही ठेवलं. एका बाजूला रोम, दुसऱ्या बाजूला हा सबंध देश — राजा मी, सैन्य मी, प्रजा मी, हो म्हणायला मला कुणाला विचारायला नको. अटीसुद्धा साध्या. रोमनं माझ्यावर चालून यायचं नाही, मी रोमवर चालून जायचं नाही — मी तर पाळतोच आहे ती. आणि माझ्या देशातल्या पुरुषांना रोमच्या बायकांशी कायद्यानं लग्न करता यावं. तुम्ही त्या डोंगरापलीकडच्या गावांना नाही का दिलात हा हक्क? त्यांची पोरं खुशाल इथल्या मुली करून नेतात, बासऱ्या वाजवत. माझ्या देशातले पुरुष म्हणजे मी. आणि रोमच्या बायका म्हणजे एकच. जास्त मागत नाही.

तूरिया. हो, हीच शेजारची, सरीच्या पलीकडची. तिचा वाफा माझ्यापेक्षा मोठा आहे आणि तोंडही. नवरा आमच्याच लढाईत गेला तिचा — कुणाच्या हातून, ते ती विचारत नाही आणि मी सांगू शकत नाही, मी झाडावर होतो. पहिली दोन वर्षं तिनं माझ्या कोबीवर भांड्याचं पाणी फेकलं. तिसऱ्या वर्षी मला ताप आला तर पेज घेऊन आली, म्हणाली, मेलास तर शत्रू कुठून आणायचा, दुसरा मिळेल तो तुझ्याहून वाईट असेल. तेव्हापासून जेवण तिच्या चुलीवर होतं आणि भांडण दोन्ही वाफ्यांत. महाराज, मी आता म्हातारा व्हायला लागलो. मला ती हवी आहे. चोरून नको, सरी ओलांडून नको, मशाल लावून, अक्रोड उधळून, तिला केशरी ओढणीत हाताला धरून आणायची आहे मला — इथून तिथवर पाच पावलं आहेत, पण पाचही पावलं लोकांसमोर चालायची आहेत.

आडवा कोण येतो? भाऊ. विबियस. वाईट माणूस नाही, पण कायद्याचा किडा. विधवा बहिणीचा पालक तो, त्याच्या होकाराशिवाय ती लग्न करू शकत नाही, आणि तो म्हणतो, रोमची बाई शत्रूच्या घरी नांदणं कायद्यात कुठे बसत नाही. बसत असेल तर उद्या कर, मी स्वतः मशाल धरतो. नाही तर तो चुनाभट्टीवाला आहे ना तीबर नदीकाठचा, बायको गेलेला, सारखा खोकणारा — त्याला त्यानं शब्द दिलाय. या जत्रेनंतर. तूरिया काल मला म्हणाली, शत्रू, जत्रेपर्यंत काय ते बघ, नंतर मी चुन्यात भाजी लावीन. हसून म्हणाली, पण मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत होती. भांडी सकाळीच घासून झाली होती.

काय? … हं. … हं, माहीत आहे. तह केला तर मी शत्रू उरत नाही, आणि मी शत्रू नाही तर उद्या भाला कुठे टाकायचा. अगदी हेच तुमचे काका म्हणाले होते. ते तर रडले बिचारे, माझा हात हातात घेऊन म्हणाले, क्रीसोन, रोमची सगळी लांबची युद्धं तुझ्या एकट्याच्या शत्रुत्वावर उभी आहेत रे. मला तेव्हा जरा मोठेपणा वाटला, खोटं कशाला बोलू. पण मोठेपणा चुलीवर शिजत नाही. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला काही सुचेल असं वाटलं होतं. नाही सुचत? बरं. राहू दे. अंजीर घ्या अजून एक. तूरियासारखी बाई मिळणार हो त्या भट्टीवाल्याला, आणि त्याला कळायचंही नाही काय मिळालं ते. काय ताकद, काय हिंमत — एरवीच्या बायका भाला पाहून देवळात पळाल्या असत्या, हिनं रोमचा भाला एका हातानं उपटून —

काही नाही. कुठे काय म्हणालो. कोबी उपटते ती, एका हातानं.

महाराज, तिकडे कशाला बघताय? तो दुधीचा मांडव आहे. दुधी आवडतो तुम्हाला? मधला खांब? खांबच आहे, जरा सरळसोट आहे, चांगलं लाकूड मिळालं होतं — टोकाला लोखंड? ते… पक्षी बसू नयेत म्हणून. उठू नका हो. वेल नाजूक आहे. बसा. बसा म्हणतो ना, सांगतो सगळं, पण आधी शपथ घ्या की तूरियाला कळणार नाही मी सांगितलं म्हणून, ती मला तुमच्या गारगोटीनं हाणेल.

गेल्या खेपेची गोष्ट. ते दक्षिणेकडचं, समुद्रकाठचं शहर, आठवतं? तुमचे काका उभे राहिले तिथे, फळीजवळ. सगळा लवाजमा मागे, सगळ्यांनी डोक्यावरून कपडा ओढलेला, माना खाली — तुमच्याकडे त्या वेळी वर बघायचं नसतं ना. मी एकटा वर बघत होतो, कारण मला एकदाचा अनुभव आहे. काकांनी मंत्र म्हटला, इतका सुंदर म्हटला की माझ्या अंगावर काटा आला, मीच शत्रू असून. आणि भाला फेकला. बिचाऱ्यांना सरी दिसलीच नाही. गेला तो माझ्या डोक्यावरून, डावीकडे, सरी ओलांडून, आणि खच्चकन् तूरियाच्या सलगमात. बाहेर सगळे माना खाली घालून म्हणतायत, झालं, धर्माचं झालं. काका डोळे किलकिले करून मला विचारतात, रुतला ना रे? आता मी काय सांगणार त्या भल्या माणसाला? मी म्हणालो, रुतला महाराज, छान रुतला. खोटं कुठे होतं त्यात? तूरिया पाणी आणायला गेली होती, परत आली, भाला बघितला, उपटला, आणि म्हणाली, माझ्या वाफ्यात उगवलं ते माझं. दुसऱ्या दिवशी वर दुधी चढवला.

आणि नुकसान कुणाचं झालं? कुणाचंच नाही. त्या शहरानं युद्ध होणार ऐकलं आणि तुमचं सैन्य वेशीबाहेर पडायच्या आधीच गुरं परत धाडली, एक जास्तीचं वासरू घालून. रक्ताचा थेंब सांडला नाही. मला विचाराल तर तुमच्या काकांनी फेकलेला सगळ्यात चांगला भाला तो. मग तुमचा चेहरा असा का झाला? पाणी देऊ? अहो, असे पांढरे पडू नका, डुक्कर घाबरतं.

काय म्हणालात?

नाही, हळू म्हणा, पुन्हा म्हणा. भाला जिच्या मातीत रुतला… तिच्याशीच… बरोबर आहे. महिनाभर आधी तक्रार सांगितली होती, मंत्र म्हटला होता, लवाजमा साक्षीला होता. भाला रुतला की झालं. म्हणजे त्या दिवसापासून रोमचं युद्ध चालू आहे ते… तूरियाशी. आणि तह कुणी केला तिच्याशी? कुणीच नाही. गवत नाही, गारगोटी नाही. म्हणजे अजून चालूच आहे. म्हणजे ती इतकी वर्षं बाजारात सलगम विकतेय ती — थांबा. थांबा महाराज. बोलू नका जरा. म्हणजे तूरिया रोमची बाई नाहीच. ती शत्रू आहे.

आणि शत्रूनं शत्रूशी लग्न करायला रोमचा कायदा कशाला आडवा येतोय?

तूरिया. अगं तूरिया, ते भांडं ठेव आणि सरीपाशी ये. नाही, काही फोडलं नाही मी. हे धाकटे महाराज आलेत, ते म्हणतायत तू शत्रू आहेस. अगं, शिव्या नको देऊस, चांगली गोष्ट आहे — ये तर खरी, सांगतो — हो, सांगितलं मी भाल्याचं, मार मग सावकाश, आधी हात पूस.

हे बघा महाराज, आता घाईनं काही करू नका. तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला, तुम्हाला आत्ताच्या आत्ता गडावर जाऊन गवत आणावंसं वाटतंय, तिच्याशी तह करून हे निस्तरून टाकावं असं. करा ना, जरूर करा, पण जत्रेनंतर. तोवर युद्ध चालू राहू दे, आम्हाला काही त्रास नाही त्याचा. आणि जाता जाता विबियसच्या घरावरून जा, एवढंच सांगा त्याला की पुरोहितांनी बघितलं, कायद्यात बसतं. का बसतं ते सांगायची गरज नाही. पुरोहितानं सांगितल्यावर तो का म्हणून विचारायचा नाही, आणि त्यानं विचारलं नाही तर तुमच्या काकांच्या डोळ्यांबद्दल कुणी बोलायचं नाही — मी तर नाहीच, मी काय, शत्रूच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो. तो मशाल धरीन म्हणालाय, तेवढी आठवण करा.

भाला न्या, तुमचा आहे. वेल हलक्या हातानं सोडवा, कोवळे दुधी आहेत, तूरिया दुसरी काठी लावेल. उद्या फेकताना हात जरा उजवीकडे ठेवा, तुमच्या घराण्याचा हात डावीकडे जातो. आणि त्या समुद्रापलीकडच्यांनाही देवानं वेळेवर गुरं धाडायची बुद्धी द्यावी, असं मनातल्या मनात म्हणा, मंत्रात बसत नसलं तरी. निघा आता. फळी ओढून घ्या मागे.

अहो महाराज — डुकराची दोरी सोडा. ते तहाला नाही द्यायचं आता. लग्नाला लागेल.